उघड्या मैदानावरची दिवाळी पहाट: जोखीम आणि अनिश्चितता धरून कार्यक्रम कसा आखावा

आमच्या मंडळाच्या पहिल्या दिवाळी पहाटेच्या आदल्या रात्री साडेनऊ वाजता आम्ही पाच जण मांडवाच्या एकमेव कोरड्या कोपऱ्यात उभे होतो. पाऊस संध्याकाळी पाचला सुरू झाला होता, सातला थांबला होता आणि आठनंतर पुन्हा लागला होता. जवळच्या शाळेचे सभागृह सातपर्यंत आमच्यासाठी राखून ठेवलेले होते, परंतु सात वाजता पाऊस थांबलेला असल्यामुळे "आता उघडीप झाली" असे म्हणून कोणी फोन केला नाही, आणि साडेनऊला फोन केला तेव्हा सभागृहाची किल्ली असलेला शिपाई गावी निघून गेला होता. पहाटे आकाश स्वच्छ होते. तरीही कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू झाला, कारण मैदानाचा चिखल झाला होता, सतरंज्या भिजल्या होत्या आणि ध्वनियंत्रणेच्या जोडण्या एकेक करून सुकवाव्या लागल्या. आमचे नुकसान पावसापेक्षा अधिक त्या तासाभराच्या उघडिपीने केले, कारण त्या वेळात निर्णय कोणी घ्यायचा आणि कशावरून घ्यायचा, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते.

त्यानंतर काही वर्षे हे काम केल्यावर जी पद्धत बसली, ती नव्याने आयोजनात उतरणाऱ्यांसाठी येथे मांडतो आहे. उदाहरण दिवाळी पहाटेचे असले तरी संमेलन, मॅरेथॉन किंवा मोकळ्या लॉनवरचे लग्न यांनाही हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते.

पहिली पायरी: काय मोजता येते आणि काय येत नाही, ते वेगळे करा

अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये एक भेद मांडला, जो आजही उपयोगी आहे. ज्या घटनेची शक्यता मागील अनुभवावरून आकड्यात सांगता येते, ती जोखीम. आणि जिची शक्यता सांगण्यासाठी आधारच नाही, ती अनिश्चितता. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या शहरात पाऊस पडण्याची शक्यता पहिल्या प्रकारात मोडते, कारण तिच्यामागे अनेक दशकांच्या नोंदी आहेत. मुख्य गायिकेचा आवाज ऐन वेळी बसेल का, किंवा शेजारच्या प्रभागातल्या मंडळाने त्याच पहाटे आपल्यापेक्षा मोठ्या नावाचा कलाकार आणला तर काय, हे प्रश्न दुसऱ्या प्रकारातले आहेत. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी हिशेब करावा आणि न मोजता येणाऱ्यांसाठी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे थोडा वेळ, थोडे पैसे आणि एखादा पर्यायी माणूस. नवखे आयोजक नेमके उलट करतात: पावसाविषयी "देवाच्या हातात आहे" म्हणून हात झटकतात आणि कलाकाराच्या गाडीची वेळ मात्र मिनिटांत आखतात.

पावसाची जोखीम तरी दरवर्षी सारखी असते का? नसते, आणि याचे एक कारण आपल्या पंचांगातच आहे. नरक चतुर्दशी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २० ऑक्टोबरला आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती पुन्हा ८ नोव्हेंबरवर गेली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे दिवाळी दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुढे ढकलली जाते. हवामान विभागाच्या सुधारित सरासरीनुसार मोसमी वारे मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततात. म्हणजे २० ऑक्टोबरची दिवाळी आणि १२ नोव्हेंबरची दिवाळी हे पावसाच्या दृष्टीने दोन वेगळे कार्यक्रम आहेत, आणि दोन्ही वर्षांचे अंदाजपत्रक एकच ठेवणे ही चूक आहे. अर्थात तारीख उशिराची आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. २०१९ मध्ये दिवाळी २७ ऑक्टोबरला होती आणि त्याच दिवसांत अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ होते. कोकणातल्या लोकांना ती दिवाळी अजून आठवत असेल.

दुसरी पायरी: अंदाज वाचायला शिका

हवामानाचा अंदाज चुकतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो नीट वाचलेलाच नसतो. "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" या वाक्यातील 'तुरळक' हा शब्द पावसाच्या प्रमाणाविषयी काहीच सांगत नाही, तो पावसाच्या विस्ताराविषयी आहे. विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'अनेक ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्यापुढे बहुतेक सर्वत्र. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस त्या ठिकाणी मुसळधार असू शकतो. शिवाय 'मध्य महाराष्ट्र' हा हवामानाचा विभाग नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला असल्याने, त्यातले आपले मैदान भिजेल की नाही हे त्या वाक्यावरून कळत नाही. त्यासाठी जिल्ह्याचा इशारा पाहावा. पिवळा रंग लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी सज्ज राहायला आणि लाल प्रत्यक्ष कृती करायला. प्रमाणाचेही शब्द ठरलेले आहेत: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'मुसळधार' म्हणतात, ११५.६ पासून 'अति मुसळधार'. मैदानाच्या कार्यक्रमाला मात्र दहा मिलिमीटरही पुरतात, म्हणून मुसळधारचा इशारा नाही याचा अर्थ आपण सुरक्षित आहोत असा घेऊ नये.

यात सर्वांत महत्त्वाची बाब वेळेची आहे. परतीच्या काळातला पाऊस बहुधा दुपारच्या तापलेल्या हवेतून तयार होतो आणि दुपारनंतर ते रात्रीपर्यंत विजांसह पडतो. पहाट पुष्कळदा कोरडी असते. त्यामुळे "पहाटे पाऊस पडेल का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवे ते असे: "आदल्या संध्याकाळी, मांडव उभा असताना आणि वायरी जमिनीवर पसरलेल्या असताना, पाऊस पडेल का?" मैदान काळ्या मातीचे असेल तर संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या सरीचा चिखल पहाटेपर्यंत वाळत नाही, मुरमाच्या मैदानात तो बराचसा मुरून जातो. आम्ही हे शिकल्यापासून मैदान निवडताना व्यासपीठ कोठे शोभेल यापेक्षा पाणी कोठे साचते हे आधी पाहतो, आणि त्यासाठी जुलैमध्ये एकदा पावसात त्या मैदानावर जाऊन उभे राहण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

तिसरी पायरी: कार्यक्रम फसला आहे असे धरून बैठक घ्या

महिनाभर आधी सर्व कार्यकर्त्यांना एकत्र बसवावे आणि सांगावे की आज दिवाळीनंतरचा आठवडा आहे, कार्यक्रम पुरता फसला आहे, आता प्रत्येकाने कागदावर त्याचे कारण लिहायचे. ही युक्ती गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने प्रचारात आणली. "काय चुकू शकेल?" असे विचारले की माणसे अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहतात आणि "काही नाही, सगळे व्यवस्थित आहे" म्हणतात, "का फसले?" असे विचारले की तीच माणसे मोकळेपणाने लिहितात, कारण आता शंका काढणारा अपशकुनी ठरत नाही.

आमच्या अशा पहिल्याच बैठकीत पाऊस सर्वांनी लिहिला, परंतु खरी किंमत दोन चिठ्ठ्यांची होती. एका मुलाने लिहिले होते की मैदानाच्या फाटकाची किल्ली एकाच माणसाकडे आहे. चहा सांभाळणाऱ्या काकूंनी लिहिले होते: "त्या दिवशी शहरात सगळ्यांकडेच पहाट असते." हे वाक्य दिसायला साधे आहे, पण त्यात मोठा धोका दडलेला आहे. इतर कोणत्याही दिवशी साऊंडवाला आला नाही तर तासाभरात दुसरा मिळतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाच वाजता शहरातला प्रत्येक साऊंडवाला, तबलजी, जनरेटर आणि निवेदक कोठेतरी गुंतलेला असतो. ज्या दिवशी आपल्याला पर्याय हवा असतो, त्याच दिवशी तो सर्वांना हवा असतो.

याला जोडूनच एक छोटा हिशेब प्रत्येक आयोजकाने करून पाहावा. मांडव, ध्वनी, वीज, कलाकार आणि परवानगी या पाच गोष्टी प्रत्येकी ९० टक्के खात्रीच्या आहेत असे धरले, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे मानले, तर पाचही सुरळीत होण्याची शक्यता ९० टक्के राहत नाही. ती जेमतेम ५९ टक्के उरते. प्रत्यक्षात त्या अवलंबूनही असतात. पाऊस आला की वीज जाते, वीज गेली की जनरेटरवर भार येतो, रस्ता तुंबला की तबलजी अडकतो, म्हणजे संकटे एकेकटी न येता जथ्याने येतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक धोक्यासमोर "याच्यासोबत आणखी काय बिघडेल?" हा रकाना असावा.

चौथी पायरी: पैशाचे धोके तोला, जिवाचे धोके तोलू नका

पैशाच्या धोक्यासाठी साधे त्रैराशिक पुरते. समजा, पर्यायी सभागृह राखून ठेवण्यासाठी १५,००० रुपये भरावे लागतात आणि ते वापरले नाही तरी परत मिळत नाहीत. पावसाने कार्यक्रम बुडाला आणि सभागृह नसले, तर कलाकारांची बिदागी, मांडव, जाहिरात मिळून १,५०,००० रुपये वाया जातात. १५,००० ला १,५०,००० ने भागले की १० टक्के येतात. म्हणजे कार्यक्रम बुडवणाऱ्या पावसाची शक्यता दहात एकापेक्षा अधिक वाटत असेल तर सभागृह घ्यावे, कमी वाटत असेल तर घेऊ नये. याची गंमत अशी की शक्यता १८ टक्के आहे की २७ टक्के यावर वाद घालण्याची गरजच उरत नाही. ती दहाच्या वर आहे की खाली, एवढेच ठरवायचे असते, आणि एवढे बहुधा सर्वांना एकमताने ठरवता येते.

जिवाशी संबंधित धोक्यांना मात्र हे गणित लावू नये. तेथे "शक्यता कमी आहे" हे उत्तर चालत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसे दगावली; अरुंद चढाची वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि खालून चढतच राहिलेली गर्दी, या रोजच्याच वाटणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला मोकळ्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला. एप्रिलच्या दुपारी ऊन असते हे कोणाला माहीत नव्हते असे नाही. जे सर्वांना माहीत असते तेच यादीत लिहायचे राहून जाते, असे माझे निरीक्षण आहे.

आपल्या हजारभर खुर्च्यांच्या कार्यक्रमातही चार गोष्टी निरपवाद ठेवाव्यात. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असावी आणि दोन्ही दारे कार्यक्रम संपेपर्यंत उघडी राहावीत. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसे दिसू लागली की आत सोडणे थांबवावे. वीज महावितरणची तात्पुरती जोडणी घेऊन, अर्थिंग तपासून आणि गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवूनच वापरावी, कारण ओल्या जमिनीवरचा सोललेला वायरीचा तुकडा कोणाच्याही नजरेस पडत नाही. आणि विजा चमकू लागल्या तर कार्यक्रम थांबवावा. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी गेले, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. माणसांना पक्क्या इमारतीत न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर काढू नये. लोखंडी खांबांचा मांडव हा आसरा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते किमान दोन कार्यकर्त्यांच्या फोनवर असावे.

विम्याबाबत थोडक्यात सांगतो. मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२४ च्या गणेशोत्सवात ४०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा विमा उतरवला, त्याची बातमी सोन्याच्या दागिन्यांमुळे गाजली. पण त्यातला बहुतांश हिस्सा स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी अशा माणसांच्या अपघाताचा होता. लहान मंडळानेही याच क्रमाने विचार करावा: आधी माणसे, मग प्रेक्षकांच्या इजेची जबाबदारी, मग सामान.

पाचवी पायरी: निर्णयाची घटका आधी ठरवा

माझ्या मते सगळ्या आयोजनाचा गाभा ही पायरी आहे, आणि बहुतेक मंडळांत नेमकी हीच नसते. शेवटच्या क्षणापर्यंत थांबून निर्णय घेणे शहाणपणाचे वाटते, कारण जितके थांबावे तितकी माहिती वाढते. पण माहिती वाढत असताना पर्याय संपत जातात. म्हणून जो क्षण ओलांडल्यावर दुसरा पर्याय हातात उरत नाही, तो क्षण शोधावा आणि त्याच्या थोडे आधी निर्णय घ्यावा.

तो क्षण उलट मोजून सापडतो. पहाटे सहाला सूर लागायचा आहे. ध्वनिवर्धकाच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही, त्यामुळे सहाच्या आधी सुरुवात करण्याचा आणि रात्री उशिरापर्यंत आवाजाची चाचणी घेण्याचा विचार मनातून काढून टाकावा. सभागृहात ध्वनियंत्रणा हलवून लावायला चार तास लागतात, आणि चाचणी दहाच्या आत उरकायची तर हलवाहलव साडेपाचला सुरू व्हायला हवी. सभागृहाचा शिपाई सातला जातो. प्रेक्षकांना जागा बदलल्याचा निरोप आठपर्यंत गेला नाही तर निम्मे लोक पहाटे मैदानावरच पोहोचतात. या सर्वांत आधीची वेळ साडेपाचची, म्हणून निर्णयाची घटका आदल्या दिवशी संध्याकाळी पाच.

पाच वाजता काय पाहायचे, हेही महिनाभर आधी लिहून ठेवावे, कारण त्या वेळी डोके ठिकाणावर नसते आणि प्रत्येकाला आपल्या घरचे आकाश दिसत असते. आमच्या कागदावर तीन खुणा आहेत: जिल्ह्याला पिवळा किंवा त्यावरचा इशारा विजांसह आहे का, हवामान विभागाच्या पुढच्या तीन तासांच्या तातडीच्या अंदाजात आपला भाग आहे का, आणि व्यासपीठासमोर उभे राहून टाच दाबली तर ती मातीत रुतते का. तिन्हींपैकी दोन खुणा "होय" असतील तर सभागृह. निर्णय एकच व्यक्ती घेते, तिचे नाव कागदावर असते, आणि ती व्यक्ती शक्यतो खजिनदार नसावी, तसेच कलाकाराशी घरोबा असलेलीही नसावी. निर्णय झाल्यावर त्यावर चर्चा नाही. आठ वाजता उघडीप झाली तरी नाही.

सहावी पायरी: बोलणी कागदावर आणा

मांडववाला, साऊंडवाला आणि कलाकार यांच्याशी बोलताना "जागा बदलली तर?" आणि "रद्द झाले तर?" हे दोन प्रश्न विसार देण्यापूर्वी विचारावेत, नंतर नव्हे. जागा बदलण्याचे वाढीव भाडे, रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल आणि ताडपत्री कोणी आणायची, एवढे तरी पावतीच्या मागे लिहून दोघांनी सही करावी. पोलीस ठाणे आणि महापालिकेच्या अर्जात पर्यायी जागेचा उल्लेख सुरुवातीलाच करावा. तबलजी वेगळ्या गाडीने येणार असेल तर त्याने आदल्या रात्री शहरातच मुक्काम करावा, त्याच्या निवासाचा खर्च हा सर्वांत स्वस्त विमा आहे. वेळापत्रकात पहिली दहा मिनिटे दीपप्रज्वलन आणि सत्कार ठेवण्याऐवजी ते मध्यंतरात ढकलावे, म्हणजे कोणी उशिरा आले तर तेच कार्यक्रम पुढे ओढून वेळ भरता येतो. अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा कोणत्याही नावावर न टाकता बाजूला ठेवावा. १०८ ची रुग्णवाहिका मैदानाच्या कोणत्या फाटकातून आत येईल, हे प्रत्यक्ष एखादी मोठी गाडी आणून पाहावे; आमच्या फाटकात कमान उभारल्यावर ती येत नव्हती.

सातवी पायरी: वहीत निकाल लिहा, पण निर्णय वेगळा लिहा

कार्यक्रमाच्या आधी प्रत्येक कार्यकर्त्याने वहीत आपले अंदाज टक्क्यांत लिहावेत: पाऊस ३० टक्के, साऊंडवाला वेळेवर ८० टक्के, हजारांहून अधिक प्रेक्षक ५० टक्के. नंतर प्रत्यक्षात काय झाले ते समोर लिहावे. एका वर्षात काही कळत नाही, परंतु तीन-चार वर्षांत कोणाचे "नक्की" खरोखर नक्की असते आणि कोणाचे निम्म्या वेळाच खरे ठरते, हे स्वच्छ दिसू लागते. माझे स्वतःचे "अर्ध्या तासात होईल" हे सरासरी पाऊण तासाचे निघाले.

त्याच वहीत एक पान असे आहे. त्या वर्षी पाच वाजता दोन खुणा "होय" होत्या, आम्ही सभागृहात गेलो, आणि रात्रभर एक थेंबही पडला नाही. सभागृहात जागा कमी पडली, दोनशे लोक परत गेले, आणि पुढचा आठवडा आम्ही सोसायटीच्या प्रत्येक जिन्यात टोमणे ऐकले. खजिनदारांनी वहीत "निकाल: वाईट" असे लिहिले. त्याखाली मी "निर्णय: बरोबर" असे लिहिले, आणि त्यांनी थोडा वेळ विचार करून शेजारी सही केली. त्या पानाच्या तळाशी पुढच्या वर्षासाठी एवढीच नोंद आहे: सभागृह मोठे पाहणे, जुलैमध्येच फोन करणे, किल्ली दोघांकडे.